चित्र किती स्पष्ट हवे?

एखाद्या घरी निकाह ठरला की मंडप, स्वयंपाकी आणि व्हिडिओवाला या तिघांची चौकशी साधारण एकाच आठवड्यात सुरू होते. मंडप दोन दिवसांत उतरतो. बिर्याणीची चव लोक महिनाभर आठवतात. व्हिडिओ मात्र वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा पाहिला जातो आणि तेव्हा पाहणाऱ्यांत लग्नाच्या वेळी जन्मालाही न आलेली मुले असतात. म्हणून व्हिडिओवाल्याच्या हातात कोणता कॅमेरा होता, हा प्रश्न लग्नाच्या दिवशी वाटतो तेवढा लहान नसतो.

साधारण २००४ ते २०१० या काळात हा प्रश्न घरोघरी आणि दुकानोदुकानी विचारला गेला. दुकानाच्या काचेमागे दोन प्रकारचे कॅमकॉर्डर शेजारी शेजारी ठेवलेले असत. कॅमकॉर्डर म्हणजे कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच पेटीत. एका प्रकाराला 'स्टँडर्ड डेफिनिशन' म्हणजे एसडी म्हणत, दुसऱ्याला 'हाय डेफिनिशन' म्हणजे एचडी. डेफिनिशन या शब्दाचा अर्थ येथे व्याख्या असा नाही. चित्रात किती तपशील दिसतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि तपशील हा शब्द तुम्हांला परका वाटायला नको. तुमच्या उर्दूतल्या 'तफसील'चेच ते मराठी रूप आहे.

हा तपशील मोजायचा कसा? टीव्हीच्या पडद्यावरचे चित्र आडव्या रेषांचे बनलेले असते आणि प्रत्येक रेषा लहान लहान ठिपक्यांची. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. भारतात दूरदर्शनने जी 'पाल' पद्धत स्वीकारली, तिच्यात एका चित्राच्या ६२५ रेषा असतात. त्यांपैकी प्रत्यक्ष चित्रासाठी ५७६ वापरल्या जातात. अशी २५ चित्रे एका सेकंदात डोळ्यांसमोरून जातात. एसडी डिजिटल कॅमकॉर्डर प्रत्येक रेषेवर ७२० ठिपके टिपतो. आता गुणाकार करा : ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० ठिपके. ज्याला 'फुल एचडी' म्हणतात, त्या चित्रात १०८० रेषा आणि प्रत्येक रेषेवर १९२० ठिपके असतात. त्यांचा गुणाकार २०,७३,६०० होतो. पहिल्या संख्येने दुसरीला भागून पाहा. उत्तर बरोबर पाच येते, बाकी शून्य.

पाचपट तपशील मिळत असेल, तर विचार कसला करायचा? एचडीच घ्यावा, असे कोणीही म्हणेल. पण व्यवहारात गोष्ट इतकी सरळ नव्हती.

थोडा इतिहास पाहू. सोनी कंपनीने १९८३ साली 'बीटामुव्ही' नावाचा कॅमकॉर्डर सामान्य ग्राहकांसाठी काढला. तो खांद्यावर ठेवावा लागे, आणि गंमत म्हणजे त्यावर चित्रण करता येई पण केलेले चित्रण पाहता येत नसे. पुढे कॅसेट लहान होत गेल्या. १९९५ साली 'डीव्ही' ही डिजिटल पद्धत आली. तिची मिनी-डीव्ही नावाची छोटी कॅसेट काडेपेटीपेक्षा थोडी मोठी असे आणि तिच्यावर एक तास चित्रण होई. आपल्याकडच्या लग्नांचे व्हिडिओ काही वर्षे याच कॅसेटवर उतरले. २००३ साली सोनी, जेव्हीसी, कॅनन आणि शार्प या चार जपानी कंपन्यांनी मिळून 'एचडीव्ही' ही पद्धत ठरवली. २००५ साली सोनीचा 'एचडीआर-एचसी१' हा एका हातात मावणारा एचडी कॅमकॉर्डर आला. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २,००० डॉलर होती. त्याच वेळी तेथे साधे मिनी-डीव्ही यंत्र ४०० डॉलरांच्या आतही मिळे. ठिपके जवळपास चौपट, किंमत पाचपट! पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, सोनी आणि पॅनासोनिक यांनी 'एव्हीसीएचडी' ही आणखी एक पद्धत जाहीर केली. तिच्यात कॅसेटची गरज नव्हती. चित्रण छोट्या डिस्कवर, कार्डावर किंवा यंत्रातल्याच हार्ड डिस्कवर साठवता येई.

एचडीव्हीमधली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. तिची कॅसेट तीच जुनी मिनी-डीव्हीची. चित्रणाचा वेळही तोच, एक तास. फितीवर दर सेकंदाला नोंदवली जाणारी माहितीही तेवढीच, सुमारे अडीच कोटी बिट. मग एचडीव्हीच्या १४४० गुणिले १०८० ठिपक्यांचे, म्हणजे साध्या चित्राच्या पावणेचारपट मोठे चित्र त्याच फितीत मावले कसे?

त्यासाठी दोन पद्धतींतला फरक पाहावा लागेल. डीव्ही पद्धतीत सेकंदाला येणाऱ्या २५ चित्रांपैकी प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे दाबून पाचव्या हिश्शाएवढे केले जाते. एका चित्राचा दुसऱ्याशी संबंध नसतो. एचडीव्हीची युक्ती वेगळी. समजा, काझीसाहेब निकाहचा खुतबा पढत आहेत. त्यांचे ओठ हलतात, हात थोडा हलतो. पण मागची भिंत, गालिचा, फुलांच्या माळा जागच्या जागी असतात. मग भिंत दर सेकंदाला पंचवीस वेळा कशाला लिहायची? एचडीव्हीचा कॅमेरा एक चित्र पूर्ण लिहितो. त्यानंतरच्या अकरा चित्रांत मुख्यतः काय बदलले तेवढेच लिहितो. बाराव्यानंतर पुन्हा एक पूर्ण चित्र. अशी बारा-बारा चित्रांची टोळी असते. तुम्ही वहीत 'वरीलप्रमाणे' लिहून जागा वाचवता, तसेच हे.

या युक्तीची किंमत मोजावी लागे. फितीवर धुळीचा एक कण अडकला, तर डीव्हीमध्ये एखादे चित्र खराब होई, म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. कोणाच्या लक्षातही येत नसे. एचडीव्हीमध्ये मात्र पूर्ण चित्रच खराब झाले, तर त्यावर अवलंबून असलेली सगळी टोळी बिघडे आणि जवळजवळ अर्धा सेकंद चित्र थिजून जाई. 'कुबूल है' या शब्दांना तरी कितीसा वेळ लागतो? शिवाय मंडपात सगळे एकदम हलू लागले, फुले उधळली गेली, कॅमेरा भरभर फिरला, की 'वरीलप्रमाणे' लिहिण्यासारखे काही उरत नसे. मग चित्रात चौकोनी तुकडे दिसू लागत. संकलन करणाऱ्यांचेही हाल होत. त्या काळातल्या साध्या संगणकाला डीव्हीचे चित्रण सहज पेलत असे. एचडीव्ही उलगडताना तो दमे, आणि एव्हीसीएचडी लावले की अडखळत चाले.

दुसरी अडचण उजेडाची. कॅमकॉर्डरच्या भिंगामागे एक चकती असते. तिच्यावर प्रकाश टिपणारे सूक्ष्म कप्पे असतात. पावसात एक परात ठेवली आणि तेवढ्याच जागेत पाच वाट्या ठेवल्या, तर एकेका वाटीत पाणी कमी साचणारच. तसेच येथे. चकती तेवढीच ठेवून कप्पे वाढवले, तर प्रत्येक कप्प्याला वाट्याला येणारा प्रकाश कमी होतो. भर दुपारी याने काही बिघडत नाही. पण रात्रीच्या वलीम्यात, पिवळ्या दिव्यांच्या माळांखाली, पुष्कळ स्वस्त एचडी यंत्रांचे चित्र वाळू उडाल्यासारखे खरखरीत येई, आणि शेजारचा साधा कॅमेरा बरे चित्र देई. व्हिडिओवाला हॅलोजनचा मोठा दिवा घेऊन पाहुण्यांचे डोळे दिपवत फिरे, त्याचे कारण हेच. दिवा बंद कर म्हणून त्याच्यावर ओरडणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे कोणी समजावून सांगितले नाही.

तिसरा प्रश्न पाहणाऱ्याचा. कॅमेऱ्याने टिपलेला तपशील डोळ्यांना दिसतो का? विज्ञानाच्या पुस्तकात कोन मोजायला तुम्ही शिकला आहात. एका अंशाचे साठ भाग केले की एका भागाला कला किंवा मिनिट म्हणतात. निरोगी डोळ्याला साधारण एका मिनिटाच्या कोनाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. त्याहून बारीक असेल तर तो शेजारच्यात मिसळतो. तीन मीटरवरून पाहताना हा कोन सुमारे ०.८७ मिलिमीटर इतका भरतो. आता २१ इंची जुना काचेच्या नळीचा टीव्ही घ्या. त्याच्या चित्राची उंची साधारण ३० सेंटिमीटर. त्यात ५७६ रेषा बसवल्या, तर एक रेषा अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड. म्हणजे तीन मीटरवर बसलेल्या माणसाला साध्या चित्रातला सगळा तपशीलही नीट दिसत नव्हता. पाचपट तपशील देऊन त्याला काय मिळणार?

पण ४३ इंची सपाट टीव्ही भिंतीवर लावा. उंची सुमारे साडेत्रेपन्न सेंटिमीटर. साध्या चित्राची एक रेषा आता ०.९३ मिलिमीटरची होते, एचडीची अर्ध्या मिलिमीटरची. खोली लहान असेल आणि तुम्ही दोन मीटरवर बसला असाल, तर डोळ्याची मर्यादा ०.५८ मिलिमीटर. साध्या चित्राच्या रेषा जाड, धूसर दिसतील. एचडीचे चित्र मात्र एकसंध वाटेल. जुने लग्नाचे व्हिडिओ नव्या टीव्हीवर 'खराब झाले' असे लोक म्हणतात. व्हिडिओ होता तसाच आहे. पडदा मोठा झाला आणि आपण जवळ बसलो.

मधल्या काळात आपल्याकडे एक आणखी मोठी गफलत चालू होती, आणि तिच्यामुळे झालेले नुकसान आता भरून येणार नाही. हे नुकसान मी वर्गात पाहिले. नववीतल्या एका मुलीने आपल्या अम्मी-अब्बूंच्या निकाहची एक डिस्क आणली होती. निकाह २००६ सालचा. दादी आता हयात नाहीत आणि त्यांचे फोटो घरात जवळजवळ नव्हतेच. त्यांना फोटो काढून घेणे आवडत नसे. व्हिडिओत मात्र त्या स्त्रियांच्या घोळक्यात पाच-सहा सेकंद दिसत होत्या. शाळेच्या संगणकावर आम्ही ते चित्र थांबवले. "सर, या कडेच्या दादी आहेत, असं अम्मी सांगते. पण चेहरा ओळखूच येत नाही," ती म्हणाली.

ती डिस्क व्हीसीडी होती. व्हीसीडी स्वस्त पडे, कोणत्याही प्लेअरवर चाले. म्हणून लग्नघरी बहुधा तीच दिली जाई. पण तिच्या चित्रात रेषा फक्त २८८ आणि रेषेवर ठिपके ३५२. एकूण झाले १,०१,३७६, म्हणजे साध्या कॅमेऱ्याने टिपले त्याच्याही चौथ्या हिश्शाहून थोडे कमी. घोळक्यातल्या माणसाचा चेहरा पडद्याच्या उंचीचा सोळावा भाग व्यापतो, असे धरा. व्हीसीडीवर त्या चेहऱ्याच्या वाट्याला अठरा रेषा येतात. कपाळ, चष्मा, नाक, ओठ, सुरकुत्या, सगळे अठरा रेषांत! मूळ कॅसेटवर त्याच चेहऱ्याला छत्तीस रेषा मिळाल्या असत्या. फुल एचडी कॅमेरा असता, तर सदुसष्ट.

"बेटा, मूळ कॅसेट मिळते का विचार," मी तिला म्हणालो. तिच्या अब्बूंनी व्हिडिओवाल्याला गाठले. कॅमेरा मिनी-डीव्हीचाच होता. पण कॅसेटवर पुढच्या महिन्यात दुसरे लग्न टिपले गेले होते. कॅसेटचे पैसे वाचवायला बरेच व्हिडिओवाले तसे करत आणि गिऱ्हाइकही मूळ कॅसेट मागत नसे. मागायची असते हेच कोणाला ठाऊक नव्हते.

आज संगणकावर असे प्रोग्रॅम मिळतात, जे धूसर चेहरा घेऊन स्पष्ट चेहरा करून देतात. त्या मुलीच्या भावाने मोबाईलवर तसे करून पाहिले. पडद्यावर डोळे, भुवया, ओठ असलेली एक नीटनेटकी बाई दिसली. अम्मीने पाहिले आणि म्हणाल्या, "ही दादी नाही." ते खरेच होते. प्रोग्रॅमने हजारो चेहऱ्यांवरून अंदाज बांधून रिकाम्या जागा भरल्या होत्या. जो तपशील टिपलाच गेला नाही किंवा टिपून पुसला गेला, तो कोणत्याही यंत्राला परत आणता येत नाही.

याचा अर्थ साधे चित्र नेहमीच कमी दर्जाचे, असे समजू नका. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे शहर तुम्हांला माहीत आहे. तेथील नासिर शेख यांनी २००० साली गावातलेच लोक घेऊन 'मालेगाव के शोले' हा विनोदी चित्रपट साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढला. गावातल्या व्हिडिओ हॉलमध्ये तो लोकांनी गर्दी करून पाहिला. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. त्यातला नायक यंत्रमागावर काम करणारा होता, आणि त्याला आकाशात उडवण्यासाठी हिरव्या पडद्याची युक्ती वापरली होती. या मंडळींवर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला, आणि २०२५ साली रीमा कागती यांचा मोठा चित्रपटही प्रदर्शित झाला. 'शोले'च्या त्या नकलेत दुप्पट रेषा असत्या, तर लोक दुप्पट हसले असते, असे मला मुळीच वाटत नाही. विनोद ऐकू येत होता, चेहरे दिसत होते, पुरे होते. पण मालेगावचे चित्रपट लगेच पाहण्यासाठी होते. घरच्या समारंभाचे चित्रण पुढे कधीतरी, कोणासाठी तरी असते. दोन्हींसाठी एकच कॅमेरा योग्य ठरेल, असे नाही.

मग २००६ साली कोणी विचारले असते, तर काय सांगायचे? शाळेच्या क्रीडास्पर्धा, नाटक, भाषणे टिपायची असतील, तर साधा मिनी-डीव्ही घ्या आणि उरलेल्या पैशांत एक चांगला मायक्रोफोन व तिपाई घ्या, असे मी सांगितले असते. आवाज नीट नसेल, तर भाषणाच्या चित्राला काय करायचे? लग्नासाठी मात्र, परवडत असेल तर एचडीव्ही. त्यातही एक सोय होती, तिचा उपयोग फार थोड्यांनी केला. एचडीव्ही कॅमेऱ्यावर एचडीमध्ये चित्रण करून तारेने बाहेर काढताना ते साध्या चित्रात बदलून घेता येई. म्हणजे त्या वेळच्या टीव्हीसाठी साधी डिस्क द्यायची आणि एचडीची कॅसेट कपाटात ठेवायची. ज्यांनी हे केले, त्यांच्या घरी आज ४३ इंची टीव्हीवर स्वच्छ चित्र दिसते. एचडी विकत घेऊन शेवटी व्हीसीडी बनवणाऱ्यांचे पैसे वाया गेले. वीस ठिपक्यांपैकी एक ठेवायचा आणि एकोणीस टाकायचे, असा तो व्यवहार होता.

आता कॅमकॉर्डर दुकानांत क्वचितच दिसतात. त्यांचे काम मोबाईलने घेतले. पण प्रश्न संपलेला नाही. तो मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन बसला आहे. तेथे ७२०, १०८० आणि फोर-के असे पर्याय असतात. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके, फुल एचडीच्या चौपट. जुन्या साध्या चित्राशी तुलना केली, तर बरोबर वीसपट. जागाही तशीच खाल्ली जाते. सेकंदाला २४० लाख बिट या दराने फुल एचडी चित्रण केले, तर मिनिटाला १८० मेगाबाईट आणि तासाला जवळजवळ ११ गिगाबाईट लागतात. फोर-केला याहून बरेच अधिक. रोजच्या गमतीजमतींसाठी १०८० पुष्कळ झाले. घरात कोणी वृद्ध माणूस जुन्या गोष्टी सांगत असेल, तर मी फोर-के लावीन, मोबाईल आडवा धरीन आणि खिडकीचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडेल असे त्यांना बसवीन. आणि तो व्हिडिओ नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. नेहमीच्या पद्धतीने पाठवला, तर वाटेत तो दाबून लहान केला जातो, आणि मोबाईल बदलताना मूळ पुसला गेला की हाती पुन्हा व्हीसीडीसारखेच काहीतरी उरते.

ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट आहेत, त्यांनी मात्र वेळ काढू नये. व्हीएचएस कॅसेटचे व्हीसीआर बनवणारी जपानमधली शेवटची कंपनी फुनाई. तिने २०१६ साली ते बनवणे थांबवले. मिनी-डीव्ही वाजवायला चालू स्थितीतला जुना कॅमकॉर्डरच शोधावा लागतो. तो सापडला, तर एका तासाची कॅसेट संगणकात उतरायला एक तास लागतो आणि सुमारे १३ गिगाबाईट जागा पुरते. त्याआधी एक काम करा. मिनी-डीव्ही कॅसेटच्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी असते. तिच्या एका बाजूला 'रेक' आणि दुसऱ्या बाजूला 'सेव्ह' लिहिलेले असते. पट्टी 'सेव्ह'कडे सरकवली की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही.